‘येतो’ म्हणण्याची रीत

परवां दिवाळीची आवराआवर चालली असतां कपाटाच्या अगदीं तळच्या खणांतून एक धातूचें पान माझ्या हातीं लागलें. पत्त्याच्या पानाहून तें किंचित् लहान होतें. सौभाग्यवतींच्या एका हातांत केरसुणी आणि दुसऱ्या हातांत भंगाराची पिशवी होती. “हें कसलं? टाकूं ना?” त्यांनीं विचारलें. गृहिणीच्या अशा प्रश्नांतील ‘ना’ हें अक्षर प्रश्नाचें नसून निकालाचें असतें, हें संसारी वाचकांना सांगावयास नको. तरीहि तें पान घाईघाईनें खिशांत घालून मी गच्चीवर जाऊन बसलों.

आमच्या गच्चीवरून क्रांती चौक दिसतो. जालना रस्त्यावरचा उड्डाणपूल, त्याच्यावरून अखंड वाहणारी वाहनें, २०२२ सालीं उंच चौथऱ्यावर उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, आणि या सगळ्या गडबडींत कोणाच्या फारसा लक्षांत न येणारा काळा चबुतरा. सत्तावन सालच्या बंडांत सामील झालेल्या शिपायांना जेथें देहान्त शिक्षा झाली, तीच ही जागा. औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर झालें तें २०२३ सालीं. पण या चौकाचें नांव मला कळूं लागल्यापासून हेंच आहे. एकवीस वर्षांपूर्वीं, म्हणजे २००४ सालीं, याच चौकाच्या कडेला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोन खोल्यांचें बिऱ्हाड करून राहत होतों. आणि माझ्या खिशांतल्या या पानाची हकीकत त्या दोन खोल्यांतली आहे.

हें पान म्हणजे लॅपटॉपच्या कुशींतील खांचेंत बसवावयाचें एक कार्ड. त्याचें मूळ नांव उच्चारतांना जिभेची परीक्षा होते. १९८९ सालीं अमेरिकेंत संगणकाच्या धंद्यांतील कंपन्यांनीं मिळून जी संस्था काढली, तिच्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें घेऊन लोक याला ‘पी-सी-एम-सी-आय-ए कार्ड’ म्हणूं लागले. हीं सहा अक्षरें धड कोणाच्या ध्यानांत राहत ना. ‘संगणकवाल्यांचीं आद्याक्षरें पाठ करणें माणसांना शक्य नाहीं’ अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य त्याच सहा अक्षरांवर बसवून लोकांनीं त्यांची थट्टाहि करून घेतली. पुढें ‘पीसी कार्ड’ असें सुटसुटीत नांव मिळालें आणि जीभ सुटली. लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५४ मिलिमीटर. जाडी मात्र ३.३, ५ आणि १०.५ मिलिमीटर अशी तीन प्रकारची. त्या काळच्या लॅपटॉपांत आजच्यासारख्या सगळ्या सोयी जन्मतःच नसत. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट पाहिजे, तर एक कार्ड. कचेरींतल्या जाळ्याला जोडावयाचें, तर दुसरें. कॅमेऱ्याच्या चिपेवरील चित्रें उतरवून घ्यावयाचीं, तर तिसरें. गरीब घरीं एकाच पाटावर आळीपाळीनें पंगत बसावी, तशीं हीं कार्डें त्या एकदोन खांचांत पाळीपाळीनें येऊन बसत.

माझा लॅपटॉप जुन्या बाजारांतला, चौथ्या कीं पांचव्या मालकाच्या घरीं आलेला होता. त्याच्या अंगीं नव्या विंडोजचा भार पेलण्याची ताकद उरली नव्हती. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारा माझा एक भाचा तेव्हां उस्मानपुऱ्यांत राहत असे. त्यानें एका रविवारीं येऊन त्यावर लिनक्स घातलें आणि मला एका काळ्या पडद्यासमोर बसविलें. त्या पडद्यावर चित्रें नव्हतीं, बटणें नव्हतीं. एक पांढरी खूण लुकलुकत होती आणि तिच्यापुढें आपण आज्ञा टंकावयाची, एवढाच व्यवहार होता. कार्डांचा कारभार पाहणारी आज्ञा ‘कार्डसीटीएल’ या नांवाची. डेव्हिड हाइंड्स नांवाच्या गृहस्थानें लिनक्ससाठीं जी कार्डांची व्यवस्था लिहिली, तिच्यांतली ही आज्ञा. तिच्यापुढें एकेक शब्द जोडला कीं निरनिराळीं कामें होत. ‘आयडेंट’ म्हटलें कीं खांचेंत बसलेलें कार्ड आपलें नांव-गांव सांगे. ‘स्टेटस’ म्हटलें कीं खांच भरली आहे कीं रिकामी हें कळे. ‘सस्पेंड’ म्हटलें कीं कार्ड डुलकी घेई आणि ‘रिझ्यूम’ म्हटलें कीं जागें होई. खांचांची मोजणी मात्र शून्यापासून. पहिली खांच म्हणजे ‘शून्य’ आणि दुसरी खांच म्हणजे ‘एक’, हें माझ्या गळीं उतरवतांना भाच्याला दोन कप चहा लागला.

या यंत्राची शिष्टाचाराची समज पाहून मी थक्क झालों, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. कार्ड आंत सरकविलें कीं तें प्रथम आपली माहिती यजमानाला देतें. ही माहिती कार्डाच्याच पोटांत एकामागून एक कड्या जोडाव्या तशी लिहून ठेवलेली असते: मी कोण, मला कोणी घडविलें, मला किती वीज लागते. यजमानाला ओळख पटली कीं तो एकदां ‘टूं’ असा उंच स्वर काढी, आणि सगळी व्यवस्था लागली कीं दुसऱ्यांदा तसाच. ओळख पटली पण व्यवस्था लागली नाहीं, तर दुसरा स्वर खालचा. दारांत आलेल्या पाहुण्याचें नांव ऐकून एकदां हंसावें आणि त्याला निजावयास गादी नाहीं हें आठवून चेहरा उतरावा, त्यांतलाच हा प्रकार.

याहून मौज त्या खांचेंतील सुयांची. खांचेच्या तळाशीं दोन ओळींत अडुसष्ट सुया असतात. पण त्या सगळ्या सारख्या लांबीच्या नसतात. वीज पुरविणाऱ्या सुया सर्वांत लांब, कामकाजाच्या सुया त्यांहून आंखूड, आणि ‘पाहुणा आला’ हें यजमानाला सांगणाऱ्या दोन सुया सर्वांत आंखूड. त्यामुळें कार्ड आंत येतांना त्याला आधीं वीज मिळते, मग बोलणें जुळतें, आणि सर्व कांहीं नीट टेंकलें कीं मगच ‘आलें’ अशी वर्दी जाते. बाहेर ओढलें तर क्रम उलटा: आधीं ‘चाललें’ अशी वर्दी आणि सर्वांत शेवटीं विजेची ताटातूट. परंतु ओढणाऱ्या हाताच्या झटक्यांत या दोहोंच्या मधें क्षणाचाहि अवकाश राहत नाहीं. तेवढ्यांत यजमानानें काय काय आवरावें? म्हणून शहाणी रीत अशी कीं कार्डाला हात लावण्यापूर्वीं ‘कार्डसीटीएल इजेक्ट ०’ अशी आज्ञा द्यावी. मग यजमान हातांतलीं कामें पुरीं करतो, राहिलेलें लिखाण कार्डावर उतरवितो, हिशेब मिटवितो, वीज काढून घेतो आणि मग तुम्हांला कार्ड न्यावयास मोकळीक देतो. काम चालूं असेल तर साफ नकार देऊन ‘अजून गुंतलों आहें’ असेंहि सांगतो. आपल्याकडे निघालेल्या पाहुण्याला “अहो, चहा टाकलाय, बसा” म्हणून अडवितात, तसा. आणि हा निरोप देण्याचा अधिकार घरांतील वाटेल त्या पोरासोरांना नाहीं; यंत्राच्या कर्त्या पुरुषाच्या नांवानें आंत शिरल्यावांचून ही आज्ञा चालत नसे.

“मामा, एवढं एकच लक्षांत ठेवा,” भाचा जातांना म्हणाला, “सांगितल्याशिवाय कार्ड उपटायचं नाहीं.”

माझे वडील कोपऱ्यांतल्या खाटेवर बसून हें सगळें ऐकत होते. ते एकदम म्हणाले, “म्हणजे ‘येतो’ म्हणून निघायचं. जातो म्हणायचं नाहीं.”

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं. ते सेवानिवृत्त शाळामास्तर होते आणि डोळ्याच्या उपचारासाठीं त्या हिंवाळ्यांत आमच्याकडे येऊन राहिले होते. घराबाहेर पडण्याचा त्यांचा एक ठरलेला विधि असे. देवाला नमस्कार, भांडंभर पाणी, आणि मग घरांतल्या प्रत्येक माणसाजवळ जाऊन ‘येतो’ हा शब्द. कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणावयाची असली तरी हा शब्द चुकत नसे. पाळण्यांतल्या आमच्या सहा महिन्यांच्या मुलाजवळहि ते वांकून ‘येतो हं’ म्हणत. परगांवीं जावयाचें असलें तर हातावर दहीं घेतल्यावांचून पाऊल उचलत नसत. आम्ही भावंडें यावरून त्यांची पुष्कळ थट्टा करीत असूं. या विधीचें मूळ कोठें आहे, हें आम्हांला त्या हिंवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतें.

तें कळलें तें याच लॅपटॉपमुळें. डोळ्यांवर पट्टी, वाचन बंद, आणि समोर रिकाम्या संध्याकाळी. म्हणून मीं त्यांना लॅपटॉपसमोर बसवून जुन्या गोष्टी सांगावयास लावलें आणि त्यांचा आवाज यंत्रांत उतरवून घेतला. चार संध्याकाळीं मिळून तीन तास ते बोलले. त्यांचें गांव पैठणच्या बाजूला, गोदेच्या कांठीं. अलीकडे निजामाचें राज्य आणि पलीकडच्या तीरावर नगर जिल्हा, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. १९४८ च्या उन्हाळ्यांत रझाकारांची दहशत वाढली, तेव्हां पुष्कळ कुटुंबांप्रमाणें त्यांच्याहि वडिलांनीं रातोरात नदी उतरून शेवगांवकडे जाण्याचें ठरविलें. अण्णा त्या वेळीं अकरा वर्षांचे. कोणाला सुगावा लागूं नये म्हणून देवापुढचा दिवा तसाच तेवत ठेवला, गाय दावणीला बांधलेलीच ठेवली, आणि दाराला नुसती कडी घातली. भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहत होतें. त्यांचा मुलगा अण्णांच्या बरोबरीचा, एकाच पाटीवर दोघांनीं अक्षरें गिरविलेलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघांनीं मिळून नदीवर जावयाचें ठरलें होतें. ‘त्याला सांगून येऊं का?’ असें अण्णांनीं विचारलें, तेव्हां आईनें त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

सप्टेंबरच्या १७ तारखेला निजाम शरण आला. कांहीं आठवड्यांनीं हीं मंडळी परत आलीं, तों शेजारच्या दाराला कुलूप. निजाम पडल्यानंतरच्या त्या दिवसांत मराठवाड्यांतलीं तशीं अनेक मुसलमान घरें उजाड झालीं; कोणी मारले गेले, कोणी परागंदा झाले. या घराचें काय झालें, तें अण्णांना कोणीच सांगितलें नाहीं. विचारण्याचें त्यांचें वय नव्हतें, आणि वय आलें तेव्हां सांगणारीं माणसें राहिलीं नव्हतीं. हें सांगतांना अण्णांनीं त्या मुलाचें नांव घेतलें. त्यानंतर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. लुकलुकणारी खूण लुकलुकत राहिली आणि यंत्र तें मौनहि इमानानें टिपून घेत राहिलें. खालीं चौकांत रिक्षांचे भोंगे वाजत होते. मग पट्टीच्या खालून पाणी आलें, आणि तें डोळ्याला चालणार नाहीं म्हणून मीं तें बोलणें थांबविलें.

आतां माझ्या पराक्रमाकडे वळतों. माझा धाकटा भाऊ पुण्याहून अण्णांना भेटावयास आला होता आणि रात्रीच्या बसनें परत निघाला होता. हें बोलणें त्यानें पुण्याला नेऊन तबकडीवर उतरवून ठेवावें असें ठरलें. आवाज पुष्कळ दाबून बसविलेला असल्यामुळें तीन तासांचें बोलणें वीस-बावीस मेगाबाइटांत मावलें होतें. भावाच्या कॅमेऱ्यांतली चिप मीं या धातूच्या पानांत बसविली, पान खांचेंत सारलें, दोनदां उंच स्वर आला. माझ्या यंत्रांत जागा अगदींच थोडी उरली होती, म्हणून नक्कल न करतां सगळ्या फाइली मीं कार्डावर हलविल्या. हलविणें म्हणजे तिकडे लिहिणें आणि इकडचें पुसणें. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों काम झालें आणि पांढरी खूण पुन्हां लुकलुकूं लागली. खालीं रिक्षावाला हांका मारीत होता. बस सुटावयास वीस मिनिटें उरलीं होतीं. “दादा, चल लवकर,” भाऊ म्हणाला, आणि मीं खांचेशेजारचें बटण दाबून कार्ड उपटलें. यंत्रानें एकदां ‘टूं’ केलें.

मला आज्ञा ठाऊक नव्हती असें नाहीं. ती टंकावयास पांच सेकंद लागले असते. पण खूण परत आली म्हणजे काम संपलें, अशी माझी समजूत. वास्तविक लिनक्स हें काटकसरी कारकुनासारखें आहे. कार्डावर लिहिणें फार मंद, म्हणून तें सगळें आधीं आपल्या स्मरणांत टिपून घेतें, तुम्हांला ‘झालें’ म्हणून सांगतें, आणि मग सवडीनें, सुमारें अर्ध्या मिनिटाच्या आंत, कार्डावर उतरवितें. हें अर्धें मिनिट मीं त्याला दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं भावाचा पुण्याहून फोन आला. कार्डावर फाइलींचीं नांवें तेवढीं दिसत होतीं. प्रत्येकीच्या पुढें आकार म्हणून शून्य. माझ्या यंत्रांतून तर मीं माझ्याच हातानें त्या पुसल्या होत्या. भाच्यानें दोन दिवस जागून खटपट केली. तिसऱ्या दिवशीं तो कांहीं न बोलतां चप्पल घालूं लागला, तेव्हां मीं काय तें ओळखलें.

अण्णांना हें सांगण्याचें धैर्य मला आठवडाभर झालें नाहीं. सांगितलें तेव्हां ते हंसले. “अरे, गोष्ट माझ्याजवळच आहे. पुन्हां सांगतों,” म्हणाले, आणि त्याच संध्याकाळीं त्यांनीं ती पुन्हां सांगितली. हें दुसरें कथन आजहि आमच्याकडे आहे. तें बावीस मिनिटांचें आहे. शाळामास्तराच्या शिस्तीचें, मुद्देसूद, सनावळ्यांसह. नदी आहे, दिवा आहे, गाय आहे. शेजाऱ्याविषयीं एकच वाक्य आहे: “शेजारीं एक मुलगा होता, त्याला सांगायचं राहिलं.” तेवढें बोलून ते पुढच्या प्रसंगाकडे वळतात. नांव त्यांत नाहीं. मला तें पहिल्या वेळचें नांव आठवत नव्हतें. यंत्र टिपून घेत आहे म्हणून मीं तें लक्षपूर्वक ऐकलेंच नव्हतें. ‘अण्णा, त्याचं नांव काय होतं?’ एवढें विचारलें असतें तर काम झालें असतें. पण ती जखम माझ्या हलगर्जीपणासाठीं दुसऱ्यांदा उघडावयास लावणें मला जड गेलें. पुढें केव्हां तरी विचारूं, असें मीं मनाशीं ठरविलें. २००६ सालच्या श्रावणांत अण्णा झोपेंतच गेले. जन्मभर ज्यानें कोपऱ्यावर जातांनाहि ‘येतो’ म्हटलें, तो माणूस कोणालाहि न सांगतां गेला, याचें आम्हां सर्वांना फार वाटलें. नंतर त्यांची पेटी उघडली तेव्हां तींत वाण्याच्या चुकत्या केलेल्या हिशेबाची वही होती, वाचनालयाचीं पुस्तकें परत केल्याची पावती होती, आणि घराच्या प्रत्येक किल्लीला नांवाची चिठ्ठी बांधलेली होती. त्यांनीं आपल्याकडून सर्व आवरून ठेवलें होतें. आम्हींच तें पाहिलें नव्हतें.

या कार्डांचा जमाना आतां संपला. २००५ च्या सुमारास लिनक्सनें कार्डांची व्यवस्था आपल्या पोटांत घेतली आणि ‘कार्डसीटीएल’च्या जागीं ‘पीसीकार्डसीटीएल’ आली. पण ‘इजेक्ट’ हा शब्द तोच राहिला. त्याआधींच, २००३ सालीं, ‘एक्स्प्रेसकार्ड’ नांवाचा धाकटा अवतार निघाला होता. शेवटीं यूएसबीच्या इवल्याशा तोंडानें हीं सगळीं पानें गिळलीं, आणि २००९ सालीं ती सहा अक्षरांची संस्था आपलें राहिलेलें काम यूएसबीवाल्यांच्या हातीं सोंपवून मिटली. २०२१ पासून फ्रेमवर्क नांवाची एक अमेरिकन कंपनी पुन्हां तशाच चौकोनी, पाहिजे तेव्हां काढाव्या-घालाव्या अशा कार्डांचे लॅपटॉप विकूं लागली आहे. त्यांच्याहि पोटांत यूएसबीच असतें. रूपें बदललीं, तरी चिप काढण्यापूर्वीं यंत्राला सांगावें लागतें, हें मात्र बदललेलें नाहीं. तेव्हां पाळण्यांत असलेला आमचा मुलगा आतां बावीस वर्षांचा होत आला आहे. तो पेनड्राइव्ह न सांगतां उपटतो, आणि मीं रागावलों कीं “बाबा, कांहीं होत नाहीं हो” म्हणतो. बहुतेक वेळां होतहि नाहीं, हेंच त्यांतलें कठीण.

गच्चीवरून खालीं आल्यावर मीं तें पान सौभाग्यवतींच्या पिशवींत टाकलें नाहीं. जुना लॅपटॉप माळ्यावर होता. वीज जोडल्यावर बराच वेळ कण्हून तो जागा झाला. मीं पान खांचेंत सारलें. दोन उंच स्वर आले. चिपेवर पाहण्यासारखें कांहीं नव्हतें; भाच्याच्या खटपटीनंतर ती केव्हांच कोरी झाली होती. तरीहि ‘कार्डसीटीएल इजेक्ट ०’ एवढें टंकलें, खूण परत येण्याची वाट पाहिली, आणि मग पान बाहेर काढलें.

येत्या रविवारीं मी गांवीं जाणार आहें. अण्णांच्या वेळचे, नव्वदीला टेंकलेले दोन गृहस्थ तेथें अजून आहेत. शेजारच्या त्या घरांतल्या मुलाचें नांव त्यांतल्या एखाद्याला आठवेल, किंवा नाहींहि आठवणार. हें काम एकवीस वर्षें माझ्याकडून राहून गेलेलें आहे. सौभाग्यवतींना हा बेत सांगितला, तेव्हां त्या हातांतली पिशवी खालीं ठेवून क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “शनिवारीं रात्रीं आठवण करा. विरजण लावायला हवं.”